मॅटेलचा लांबलेला वायदा

जुन्या गेम कन्सोलला जोडून त्याचा संगणक करणाऱ्या उपकरणांत मॅटेल कंपनीच्या 'कीबोर्ड कॉम्पोनंट'चा मान मोठा आहे. मॅटेल इलेक्ट्रॉनिक्सने १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात 'इंटेलिव्हिजन' हा कन्सोल चाचणीसाठी विकायला काढला आणि १९८० मध्ये तो अमेरिकाभर आणला. कन्सोलला नाव दिले होते 'मास्टर कॉम्पोनंट'. आज खेळापुरता घ्या, पुढे कीबोर्ड जोडला की घरचा संगणक तयार, असा वायदा त्यामागे होता. महागडा कन्सोल मुलांना घेऊन देणाऱ्या पालकांना हे कारण पटण्याजोगे होते.

वायदा पोकळ मात्र नव्हता. डेव्हिड चँडलर या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेली ही रचना त्या काळाच्या मानाने फारच धीट होती. कीबोर्डच्या पेटीवरच्या खोबणीत कन्सोल बसे. कन्सोलमध्ये जनरल इन्स्ट्रुमेंटचा सीपी-१६१० हा १६-बिट प्रोसेसर, तर पेटीत ६५०२ हा ८-बिट प्रोसेसर. दोघांच्या मधे १६ के मेमरी होती आणि तिच्यात दोन्हीकडून लिहिता-वाचता येई. दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवलेल्या, दोन्ही बाजूंना दारे असलेल्या कपाटासारखी ही सोय. एकाने ठेवलेली वस्तू दुसऱ्याने आपल्या बाजूने काढून घ्यायची, एकमेकांच्या खोलीत शिरायचे कारण नाही. खरी मेख कपाटाच्या मापात होती. सीपी-१६१० च्या आज्ञा १० बिटांच्या, ६५०२ चा कारभार ८ बिटांचा. म्हणून मेमरीही १० बिट रुंदीची करावी लागली.

इंटेलिव्हिजन स्वतः पडद्यावर एका ओळीत जेमतेम २० अक्षरे दाखवी. कीबोर्डची पेटी कन्सोलच्या चित्रावर ४० अक्षरांच्या ओळी उमटवी. आतला कॅसेट रेकॉर्डर संगणकाच्या हुकमतीत चाले, आणि एकाच फितीवर आज्ञावली व माणसाचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असत. त्यामुळे 'कन्व्हर्सेशनल फ्रेंच'सारख्या पाठात यंत्र योग्य क्षणी योग्य वाक्य ऐकवू शके. याच यंत्रासाठी जीन डिक्सनच्या ज्योतिषाचीही कॅसेट निघाली. दोन प्रोसेसर जोडून पत्रिका पाहण्याची हौस अमेरिकेतही होती तर!

घोडे अडले किमतीवर. पेटी ठरलेल्या खर्चात बसेना आणि बाजारात येण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. १९८१ च्या नाताळात कंपनीच्याच मेजवानीत विनोदवीर जे लेनो याने 'कीबोर्ड वसंतात येतोय' या वाक्याची गणना जगातल्या नेहमीच्या थापांत केली, असे तिथले जुने प्रोग्रॅमर सांगतात. त्याच सुमारास सिअ‍ॅटल आणि न्यू ऑर्लिन्स या दोन शहरांत आणि नंतर टपालाने काही पेट्या ६०० डॉलरना विकल्या गेल्या. एकूण उत्पादन सुमारे ४,००० चे. ग्राहकांच्या तक्रारी फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत पोहोचल्या आणि संगणक बाजारात येईपर्यंत मॅटेलला दंड लागू झाला.

सुटका केली ती दुसऱ्याच, स्वस्त उपकरणाने. १९८३ मध्ये 'एंटरटेनमेंट कॉम्प्युटर सिस्टिम' आली. जादा मेमरी फक्त २ के, बेसिक भाषा कामचलाऊ. आवाजाची दुसरी चिप आणि ४९ पट्ट्यांचा संगीत कीबोर्ड या जमेच्या बाजू. कमिशनचे समाधान झाले, चँडलर यांची रचना बाजूला पडली. मॅटेलने विकलेल्या पेट्या पैसे देऊन परत मागवल्या. ज्यांना ठेवायच्या होत्या त्यांच्याकडून दावा न करण्याचे लिहून घेतले. आजच्या दुर्मिळतेचे मूळ या परतीच्या मोहिमेत आहे. जानेवारी १९८४ मध्ये मॅटेल इलेक्ट्रॉनिक्सच बंद झाली.

दुर्मिळता म्हणजे उपयुक्तता नव्हे, हे संग्राहकांच्या बाजारात सहज विसरले जाते. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमसाठी शार्प आणि हडसन सॉफ्टच्या साथीने १९८४ मध्ये निघालेला 'फॅमिली बेसिक' कीबोर्ड साधा आणि तुलनेने सहज मिळणारा, पण जपानी मुले त्यावर प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंग शिकली. भारतात टीव्हीला जोडून विकले गेलेले कीबोर्डवाले 'टीव्ही गेम' फॅमिकॉमच्याच नकला. कोलेकोव्हिजनला 'अ‍ॅडम' संगणक बनवणाऱ्या जोडणीची तऱ्हा निराळी. तिचा वीजपुरवठा प्रिंटरच्या पोटात आहे, म्हणून प्रिंटर मेला की सगळेच मेले. शिवाय यंत्र सुरू करताना उसळणाऱ्या चुंबकीय लाटेने आत राहिलेल्या कॅसेटवरचा मजकूर पुसला जातो. कॅसेट घालायची ती यंत्र सुरू झाल्यावरच.

मॅटेलच्या पेटीतही आधी दगा देतो तो रेकॉर्डर. रबरी पट्टे सैल होतात, वितळून चिकटतात. कपॅसिटर कोरडे पडतात. हे भाग बदलता येतात. फितीवरचा चुंबकीय लेप एकदा झडला की बदलायला काही उरत नाही. या यंत्रासाठी निघालेल्या कॅसेट मोजक्याच. त्यामुळे ज्याच्याकडे अशी कॅसेट आहे त्याने ती यंत्रात चालवून पाहण्याआधी पट्टे आणि हेड तपासावेत आणि आज्ञावली व आवाज या दोन्ही ट्रॅकची डिजिटल प्रत करून ती इतरांनाही द्यावी.