विषय नको, सुरुवात द्या

लेखमाला : मुलं, गोष्टी आणि कविता – लेखांक 6

मागच्या लेखात आपण गोष्ट सांगण्याबद्दल बोललो. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, कोणता प्रश्न मुलांवर सोडायचा, हे पाहिलं. आज त्यापुढे जाऊ. ऐकणारी मुलं स्वतः कविता आणि गोष्टी रचू लागावीत, यासाठी मोठ्या माणसाने वर्गात नेमकं काय करायचं?

पुष्कळदा कवितेची कार्यशाळा एकाच वाक्याने सुरू होते : ‘मुलांनो, आज आपण पावसावर कविता करू या.’ थोड्या वेळाने वह्या गोळा होतात आणि सगळ्या वह्यांत जवळजवळ एकच कविता असते. पाऊस आला, झाडं हिरवी झाली, शेतकरीदादा आनंदला, मोर नाचू लागला. ज्या मुलाने मोर कधी पाहिलेला नाही, त्याच्याही वहीत मोर नाचतो. काल रात्री पत्रा गळायला लागला आणि आईने अंथरुणाशेजारी पातेलं ठेवलं, ते मात्र वहीत कुठेच नसतं.

मग मोठी माणसं म्हणतात, आजकालच्या मुलांना कल्पनाशक्तीच नाही. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो. ‘पावसावर कविता करा’ म्हणताना आपण मुलांच्या हाती आशय देतो आणि तो मांडायचा कसा, हे त्यांच्यावर सोडून देतो. सात-आठ वर्षांच्या मुलाचं घोडं तिथेच अडतं. पहिलं वाक्य कसं सुरू करावं हे कळत नाही, म्हणून ते पाठ्यपुस्तकातलं, बाईंना आवडेल असं काहीतरी उचलतं. खरं तर व्यवस्था उलटी हवी. चौकट आपण द्यायची आणि आशय मुलांचा येऊ द्यायचा. आजच्या लेखात मला एवढंच सांगायचं आहे, आणि ते जगात तीन ठिकाणी तीन वेगळ्या माणसांनी कसं करून दाखवलं, तेही.

न्यूयॉर्कमधली एक शाळा

केनेथ कोक हे अमेरिकन कवी कोलंबिया विद्यापीठात शिकवत. 1968 साली ते मॅनहॅटनमधल्या पी. एस. 61 या सरकारी प्राथमिक शाळेत मुलांबरोबर कविता करायला जाऊ लागले. त्यांचा सुरुवातीचा प्रयोग अगदी साधा होता. सगळ्या वर्गाने मिळून एक कविता करायची, प्रत्येकाने एकच ओळ लिहायची. ओळ ‘मला वाटतं की असं व्हावं...’ या अर्थाच्या शब्दांनी सुरू झाली पाहिजे. तिच्यात एक रंग, चित्रकथेतलं एक पात्र आणि एका शहराचं किंवा देशाचं नाव आलं पाहिजे. कागद गोळा करून कोक यांनी सगळ्या ओळी एकापाठोपाठ मोठ्याने वाचल्या आणि वर्ग उसळला. या अनुभवावरचं त्यांचं पुस्तक ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ 1970 मध्ये आलं.

यातली प्रत्येक अट कामाची आहे. एकाच ओळीची मागणी असल्यामुळे कोऱ्या पानाची भीती जाते. ओळीची सुरुवात मिळाल्यामुळे पेन्सिल लगेच चालू लागते. रंग आणि गाव यांची अट असल्यामुळे मुलाला ‘सुंदर’, ‘छान’, ‘खूप आनंद’ अशा शब्दांत लपता येत नाही. त्याला काहीतरी डोळ्यांपुढे आणावंच लागतं. आणि सगळ्यांच्या ओळी सारख्या सुरू होत असल्यामुळे त्या एकत्र वाचल्या की आपोआप लय धरतात.

हीच रीत आपल्या दुसरी-तिसरीच्या वर्गात चालते. ‘मला वाटतं, एकदा तरी...’ ही सुरुवात द्या. ओळीत एक रंग, एक जनावर आणि ओळखीच्या एका जागेचं नाव मागा. जागा म्हणजे एसटी स्टँड, आठवडी बाजार, मामाचं गाव, काहीही. ‘मला वाटतं, एकदा तरी निळी म्हैस आमच्या एसटी स्टँडवर तिकीट काढायला यावी’ अशी ओळ येते, तेव्हा वर्गातलं सगळ्यात गप्प मूलही मान वर करतं. कोक यांची आणखी एक चौकट मला फार मोलाची वाटते : ‘आधी मी... होतो, आता मी... आहे.’ सात वर्षांच्या माणसालाही भूतकाळ असतो. तो विचारणारं सहसा कोणी भेटत नाही, म्हणून मुलं या सुरुवातीवर फार मनापासून लिहितात.

यमक कधी?

कोक मुलांना यमक टाळायला सांगत. मराठी शिक्षकांना हे सहज पटत नाही, कारण आपली बालगीतं यमकावरच डोलतात. कानाला यमक हवंच. पण लहान मूल रचताना यमक शोधू लागलं की ‘पाणी’मागून ‘गाणी’ येतात, ‘गाणी’मागून ‘राणी’ येते आणि गळणारा पत्रा वाहून जातो. म्हणून यमक शब्दखेळांत भरपूर खेळवा आणि कवितेच्या तासाला बाजूला ठेवा. त्याच्या जागी पुनरावृत्ती द्या. भोंडल्याच्या आणि हादग्याच्या कितीतरी गाण्यांत ओळ तीच राहते, फक्त एक शब्द किंवा एक नातं बदलतं. ही रीत मुलांच्या कानांना ओळखीची असते, तिच्यावर नवी ओळ बांधणं त्यांना जड जात नाही.

ध्वनींचंही तसंच. रिमझिम, धो धो, टपटप हे शब्द मुलांना पाठ असतात. त्यांना दोन मिनिटं डोळे मिटून बसवा आणि विचारा : पत्र्यावर पडणारा पाऊस कसा वाजतो, प्लास्टिकच्या ताडपत्रीवर कसा, चुलीच्या राखेत थेंब पडला तर कसा? शब्द नसेल तर नवा करायला सांगा. इथे पावसावरची खरी कविता सुरू होते.

दोन शब्दांची गाठ

गोष्टीसाठी चौकट कोणती? इटालियन बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी याचं फार सुंदर उत्तर दिलं. 1972 मध्ये रेज्जो एमिलिया या शहरात त्यांनी शिक्षकांपुढे जे मांडलं, त्यातून पुढच्या वर्षी ‘ग्रामातिका देल्ला फांताझिया’, म्हणजे ‘कल्पनेचं व्याकरण’, हे पुस्तक झालं. त्यांचं म्हणणं असं : एका शब्दाने गोष्ट सुरू होत नाही, त्यासाठी दोन शब्द लागतात आणि ते एकमेकांपासून पुरेसे लांबचे असावे लागतात. ‘घोडा’ आणि ‘कुत्रा’ एकाच रांगेतले, त्यांच्यात ठिणगी पडत नाही. रोदारींचं उदाहरण आहे कुत्रा आणि कपाट.

आता हे दोन शब्द मराठीत कसे जोडता येतील ते पाहा. कुत्र्याचं कपाट. कपाटातला कुत्रा. कपाटावरचा कुत्रा. कुत्र्यासाठी कपाट. कपाटाशिवाय कुत्रा. प्रत्येक जोडणीत एक वेगळी गोष्ट आहे. कुत्र्याच्या कपाटात तो काय काय ठेवत असेल? कपाटात कुत्रा निघाला तर दार उघडणारं पहिलं माणूस कोण, आणि ते काय म्हणेल? विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय हा मुलांच्या वाट्याला तक्त्यातून येणारा रूक्ष भाग इथे गोष्टींची खाण होतो. वर्गात दोन डबे ठेवा, चिठ्ठ्यांवर मुलांनी सांगितलेली नामं लिहा आणि प्रत्येक डब्यातून एकेक चिठ्ठी मुलांनाच उचलू द्या. जोडी योगायोगाने जुळली पाहिजे. मोठ्यांनी विचारपूर्वक निवडली, तर तिच्यात मोठ्यांचा हेतू डोकावतो आणि मुलांना तो लगेच ओळखता येतो.

रोदारींची दुसरी युक्ती म्हणजे ‘असं झालं तर काय होईल?’ हा प्रश्न. आपल्याकडे चिऊ-काऊच्या गोष्टीत पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं आणि चिमणीचं मेणाचं घर टिकतं. मग एप्रिल महिना आला तर? भर उन्हात मेणाचं घर घेऊन चिमणी कुणाचं दार ठोठावेल? जी गोष्ट मुलांना पाठ आहे, तिचा एक खिळा सैल केला की उरलेलं काम ती स्वतः करतात.

ज्यांना अजून लिहिता येत नाही

बालवाडी आणि पहिलीच्या मुलांबरोबर हे कसं करायचं? त्यांच्या मनातल्या गोष्टी त्यांच्या अक्षरांपेक्षा कितीतरी पुढे असतात. व्हिव्हियन पेली या अमेरिकन शिक्षिकेने याचा मार्ग दाखवला. शिकागो विद्यापीठाला जोडलेल्या शाळेत त्या बालवर्गाला शिकवत. 1981 मध्ये आलेल्या ‘वॉलीज स्टोरीज’ या पुस्तकात त्यांची ही रीत दिसते. मूल शिक्षिकेशेजारी बसून गोष्ट सांगतं, शिक्षिका ती शब्द न बदलता लिहून घेते आणि मग वर्ग गोल बसून ती गोष्ट वाचता वाचता करून पाहतो. एका पानाची गोष्ट पुरे, चार वाक्यांचीही पुरे. नाटकाचे कपडे नकोत, पाठांतर नको. आपले शब्द कागदावर गेले, ते बाईंनी वाचले आणि मित्राने त्यांतला वाघ करून दाखवला, हे पाहिलेल्या मुलाला लिहिणं कशासाठी असतं ते समजावून सांगावं लागत नाही.

सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, ही गोष्ट मराठीला परकी नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्यांनी जे रचलं, ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवलं, म्हणून 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ आपल्या हाती आली. टिपणाऱ्यांनी तिथली बोली प्रमाण मराठीत ‘सुधारली’ असती, तर काय हरवलं असतं याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा.

म्हणून लिहून घेताना मुलाचं वाक्य दुरुस्त करू नका. अहिराणी, मालवणी, वारली, गोरमाटी, जी घरची बोली असेल ती कागदावर तशीच उतरू द्या. कोक यांच्या शाळेत स्पॅनिश बोलणारी मुलं होती. त्यांच्यासाठी त्यांनी कवितेत स्पॅनिश शब्द आणायचा खास पाठ केला. प्रमाण भाषा शिकवायला वर्षभर वेळ आहे. कवितेचा तास मुलाच्या जिभेवर असलेल्या शब्दांचा आहे.

ऐकणाऱ्याची जबाबदारी

मुलं खरं बोलू लागली की त्यात दारू येते, मार येतो, गेलेली आजी येते. अशा वेळी वर्गापुढे शाबासकी नको आणि घाईघाईने विषय बदलणंही नको. ‘तू हे सांगितलंस, मी ऐकलं’ एवढं शांतपणे म्हणा, तास संपल्यावर त्याच्याजवळ बसा आणि मूल धोक्यात आहे असं वाटलं तर शाळेतल्या जबाबदार माणसाशी त्याच दिवशी बोला. मुलाला विचारल्याशिवाय त्याचा कागद मोठ्याने वाचू नका, भिंतीवर लावू नका आणि व्हॉट्सॲपच्या गटावर तर मुळीच टाकू नका. नंबर काढू नका. ज्याला आज लिहायचं नाही, त्याला नुसतं ऐकत बसायची मुभा द्या.

अशा चौकटींवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे : मुलं साच्यातच लिहायला शिकतील. वर्षभर ‘मला वाटतं’ चालू राहिलं तर तसं होईलच. म्हणून चौकट हळूहळू सैल करायची. कोक यांनीही पुढे तेच केलं. 1973 च्या आपल्या पुस्तकात ते मुलांपुढे थोर कवींच्या कविता ठेवतात आणि त्यांतून सुरुवात शोधतात. आपल्याकडे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर यांच्या बालकविता वर्गात वाचा, कवीने कुठे गंमत केली ते मुलांना शोधू द्या आणि मग म्हणा, ‘आता तुम्ही.’ एखादं मूल ‘मला ती सुरुवात नको, माझी वेगळी आहे’ असं म्हणेल, त्या दिवशी तुमची चौकट तिचं काम करून मोकळी झाली.

या आठवड्यात फक्त एक तास काढा. पहिली दहा मिनिटं एक कविता ऐकवा. पुढची दहा मिनिटं ‘आधी मी... आता मी...’ या सुरुवातीवर मुलांना तोंडी बोलू द्या. नंतर पंधरा मिनिटं लिहू द्या; ज्यांना येत नाही, त्यांचं तुम्ही लिहा. उरलेल्या वेळात ज्यांची तयारी असेल, त्यांच्या ओळी नाव न घेता वाचा. मग वह्या चाळून एकच गोष्ट तपासा : फक्त त्याच मुलाला ठाऊक असू शकेल, अशी एक तरी गोष्ट प्रत्येक पानावर आहे का? असेल, तर तास साधला. नसेल, तर पुढच्या वेळी सुरुवात आणखी नेमकी द्या.

(पुढच्या आठवड्यात : मुलांच्या गोष्टींचं हस्तलिखित कसं करावं)