खाली पेढी, वर बिऱ्हाड

खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशी घरे जुन्या बाजारपेठांतून आजही आढळतात. रात्री दुकान वाढवताना तिजोरीची किल्ली मालक स्वतःजवळ ठेवतात. वायफायचा पासवर्ड मात्र गल्ल्यामागच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत झळकत असतो. ग्राहक, हमाल, माल घेऊन आलेला टेम्पोचालक, सर्वांना तो पाठ असतो. हिशेबाचा संगणकही त्याच जाळ्यावर असतो आणि खतावणीचे फोल्डर सोयीसाठी ‘शेअर’ करून ठेवलेले असते. ज्या घराण्यांत रोजमेळाची वही परक्याच्या दृष्टीस पडू दिली जात नसे, तेथेच हा उघडा कारभार चालावा, हे नवल होय.

उपाय फारसा खर्चाचा नाही. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय आधीच असते. त्यास निराळे नाव व निराळा पासवर्ड द्यावा आणि तेथून अंतर्गत जाळ्यात प्रवेश बंद आहे, याची सेटिंगमध्ये खात्री करून घ्यावी. पुठ्ठ्यावर लिहायचा तो हा पासवर्ड. मुलांचे मोबाइल व टीव्हीही याच बाजूला असलेले बरे. हिशेबाचा संगणक शक्यतो तारेनेच राउटरला जोडावा.

सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए ३’ हा २०१८ सालचा प्रकार निवडावा. जुनी उपकरणे तो मानत नसतील, तर ‘डब्ल्यूपीए २’. ‘डब्ल्यूईपी’चे दोष २००१ मध्येच उघड झाले आहेत, राउटरमध्ये तेवढाच पर्याय असेल, तर तो राउटर भंगारात द्यावा. जोडणी करणारा कारागीर गेल्यावर राउटरचा स्वतःचा पासवर्ड अनेकदा ‘अ‍ॅडमिन’ असाच राहून जातो. तो त्याच दिवशी बदलावा.

राउटर लोखंडी कपाटावर किंवा तिजोरीमागे ठेवू नये. धातू लहरी अडवतो. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, पण जाड भिंती व स्लॅब ओलांडताना तो क्षीण होतो, २.४ गिगाहर्ट्झचा पल्ला त्याहून लांब. तरीही वरच्या मजल्यावर जाळे पोहोचत नसेल, तर जिन्यावरून तार नेऊन तेथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवावा.

नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाकडून दुकानाची किल्ली परत घेतली जाते. पेढीच्या मुख्य जाळ्याचा पासवर्डही त्याच संध्याकाळी बदलावा. प्रत्येक उपकरणात तो नव्याने भरण्यास थोडा वेळ जातो, इतकेच.