सर्वश्रेष्ठ कोण? यादीमागचं गणित

ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ या चित्रपटविषयक नियतकालिकाचा सर्वश्रेष्ठ चित्रपटांसाठीचा समीक्षकांचा कौल 1952पासून दर दहा वर्षांनी निघतो. मतदाराने दहा चित्रपट सांगायचे. प्रत्येकाला एक मत, क्रम नाही. त्यामुळे अनेकांच्या मनात अकरावा असलेला चित्रपट हिशेबातून पार गळतो. 1952मध्ये ‘बायसिकल थीव्ज’ पहिला आला. त्या वेळी ‘सिटिझन केन’ पहिल्या दहांतही नव्हता, मात्र 1962 ते 2002 तोच अव्वल राहिला. 2012मध्ये ‘व्हर्टिगो’, 2022मध्ये शांताल आकेरमानचा ‘जान दिलमान’. चित्रपट जुनेच, मतदार बदलले. 2022मध्ये ते 1,639 होते.

मराठीचं काय? 2022मध्येच ‘फिप्रेसी’ या चित्रपट समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या भारतीय शाखेने दहा सर्वोत्तम भारतीय चित्रपट निवडले. ‘पथेर पांचाली’ पहिला. मराठी एकही नाही. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (1936) 1937च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला, मुंबईत वर्षाहून अधिक चालला. तो वगळला जावा, हे मला मान्य नाही. मध्य प्रदेशातल्या तिगाव, पांढुर्णा, सौंसरचा मराठी प्रेक्षक तर महाराष्ट्राच्या सीमेपलीकडचा. समीक्षकांच्या कौलात त्याला मत कुठलं?

तरीही याद्या हव्यातच. ‘जान दिलमान’ 1975चा, तीन तासांहून लांब, संथ. पहिल्या क्रमांकामुळे त्याला नवे प्रेक्षक मिळाले. ‘संत तुकाराम’मधल्या विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामालाही ते मिळायला हवेत.