पॅडिंग्टनचा एक गुण कुणी कापला?

दोस्तांनो, १०० पैकी ९९ गुण मिळाले तर तुम्ही काय कराल? पेढे वाटाल, नाही का? पण घरात एखादे काका असतातच. ते पेढा तोंडात टाकतात आणि विचारतात, “तो एक गुण कुठे गेला रे?”

सिनेमांच्या जगातही २०२१ साली हाच प्रश्न विचारला गेला, तोही एकदम दोन सिनेमांच्या बाबतीत! आणि गंमत अशी, की त्यातल्या एका सिनेमाचा गुण कापणारं परीक्षण तब्बल ८० वर्षांपूर्वीचं होतं.

नवा सिनेमा लागला, की वर्तमानपत्रात त्याचं परीक्षण छापून येतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाजूला तारे असतात, पाचपैकी तीन, साडेतीन वगैरे. आई-बाबा ते बघतात आणि ठरवतात, जायचं की नाही. चौघांची तिकिटं, वर पॉपकॉर्न म्हणजे खर्च काही थोडा नसतो! अमेरिकेत १९९८ साली ‘रॉटन टोमॅटोज’ नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. रॉटन टोमॅटोज म्हणजे सडके टोमॅटो. पूर्वी नाटक आवडलं नाही तर प्रेक्षक नटांवर तेच फेकत, म्हणून हे नाव. वर्तमानपत्रं, मासिकं, रेडिओ अशा सगळीकडची परीक्षणं तिथे गोळा करतात आणि शेकडा किती समीक्षकांना सिनेमा आवडला, ते सांगतात.

आता आपले दोन सिनेमे. पहिला ‘सिटिझन केन’. ऑर्सन वेल्स नावाच्या पंचविशीतल्या पोरसवदा दिग्दर्शकाने केलेला, १९४१ सालचा. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक दर १० वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. त्यात १९६२ पासून २००२ पर्यंत, सलग पाच वेळा, हाच सिनेमा पहिला आला. दुसरा ‘पॅडिंग्टन २’, २०१७ सालचा. पेरू देशातून लंडनला आलेल्या, मुरांबा चापणाऱ्या अस्वलाची गोष्ट. दोघांनाही रॉटन टोमॅटोजवर शेकडा १०० होते.

मग २०२१ साली त्या संकेतस्थळावर १९४१ सालच्या ‘शिकागो ट्रिब्यून’मधलं एक जुनं परीक्षण आलं. लिहिणाऱ्याचं नाव होतं ‘मे टिनी’. जरा भरभर म्हणून बघा... मॅटिनी! ते होतं टोपणनाव. त्या वर्तमानपत्रातले वेगवेगळे लेखक वर्षानुवर्षं ते वापरत असत. १९४१ च्या या ‘मे टिनी’चं म्हणणं असं, की सिनेमा वेगळा आहे खरा, पण वेगळेपणाच्या नादात साधेपणा हरवला आहे. झालं! ‘केन’ ९९ वर आला आणि आपलं अस्वल त्याच्या पुढे गेलं. जगभर बातम्या झळकल्या.

पण पॅडिंग्टनचा आनंद काही आठवडेच टिकला. एका समीक्षकाचं नापसंतीचं परीक्षण तिथे जमा झालं. त्याची तक्रार अशी, की हे काही आपल्या लहानपणीचं, पुस्तकातलं अस्वल नव्हे. हे भलतंच आगाऊ आहे. पॅडिंग्टनही ९९!

आता सांगा, या सगळ्यात सिनेमे बदलले का? एक दृश्यसुद्धा बदललं नव्हतं. बदलला तो फक्त आकडा.

आणि या आकड्यात एक मोठी मेख आहे, बरं का! कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका सिनेमाला १० समीक्षकांनी प्रत्येकी १० पैकी ६ गुण दिले. म्हणजे सगळ्यांनाच ‘ठीक आहे, बरा आहे’ वाटला. मग पसंती किती? शेकडा १००! आता दुसरा सिनेमा. आठ जणांना तो इतका आवडला, की त्यांनी १० पैकी १० दिले. दोघांना नाही आवडला, त्यांनी ४ दिले. याची पसंती फक्त शेकडा ८०. पण सरासरी काढा. पहिल्याची ६ आणि दुसऱ्याची ८.८! तेव्हा नुसता आकडा बघून सिनेमा निवडणारा फसू शकतो.

मग बघायचं काय? समीक्षकाने दिलेलं कारण!

२०२३ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घ्या. समीक्षकांत सरळ फूट पडली. दहातल्या जेमतेम सहा जणांना तो बरा वाटला. बाकीचे म्हणाले, रंग झकास, धावपळ झकास, पण गोष्ट अगदीच पातळ. मुलांनी मात्र थिएटरं भरून टाकली आणि सिनेमाने जगभरात १३० कोटी डॉलर्सच्या वर कमाई केली. मग खोटं कोण बोललं? कुणीच नाही! ज्याला मारिओचा खेळ आवडतो, त्याला पातळ गोष्ट चालते. ज्याला चांगली गोष्ट हवी, त्याला चालत नाही. परीक्षणात कारण दिलेलं असलं, की आपण यातले कोण, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आपल्याकडचंच उदाहरण हवं? ‘शोले’! १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला, तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. हॉलिवूडच्या काऊबॉयपटांची नक्कल आहे, मारधाड फार आहे, असं त्यांचं म्हणणं. फिल्मफेअरचं पारितोषिकही एकच मिळालं, संकलनाचं. ते मिळवलं एम. एस. शिंदे यांनी. पण बघून आलेले लोक दुसऱ्यांना सांगत सुटले आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ पाच वर्षं चालला. म्हणजे समीक्षकांचा निकाल टिकला नाही. पण त्यांची कारणं? आज ‘शोले’ बघताना ती काऊबॉयपटांची छाप तुम्हालाही दिसेल. फक्त तुम्ही म्हणाल, “असू दे की, मजा येतेय!” असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता खरा प्रश्न. वर्गातल्या सगळ्यांना एखादा सिनेमा जाम आवडलाय आणि तुम्हाला नाही. काय करता? गप्प बसता? की उगाच “हो हो, भारी होता” म्हणून टाकता? किंवा उलटं, तुम्हाला आवडलेल्या सिनेमाला पेपरात दीडच तारा मिळाला. मग आपल्यालाच काही कळत नाही, असं वाटतं ना? मुळीच वाटून घेऊ नका. शेकडो समीक्षक एका बाजूला असताना एखादा ‘मला नाही पटलं’ म्हणतो, तेव्हा तो काही पाप करत नाही. मात्र त्याने ‘का’ ते सांगायला हवं. “बोअर होता” हे मत झालं. “मध्यंतरानंतर नायक प्रत्येक वेळी योगायोगानेच सुटतो, म्हणून धाकधूक वाटेना” हे परीक्षण झालं.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. सिनेमा बघून घरी परतताना मुलांना “आवडला का?” एवढंच विचारू नका. “काय आवडलं? का?” असं विचारा. आणि तुमचं मत वेगळं असेल, तर तेही कारणासकट सांगा. होऊ दे रिक्षात थोडा वाद!

या सुट्टीत एवढं करा. एक सिनेमा बघा, पण त्याआधी परीक्षण वाचू नका. घरी येऊन वहीत दहा ओळी लिहा: काय आवडलं, काय खटकलं, आणि दोन्हींची कारणं. शेवट मात्र फोडायचा नाही हं! मग दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं काढा आणि आपल्या वहीशेजारी ठेवा. कुठे पटतं, कुठे पटत नाही, तिथे पेन्सिलने खूण करा. आणि तारे? ते सगळ्यात शेवटी बघा.