दार अडते, फरशी उचलते

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचे पाणी पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून कोसळू लागते, त्याच सुमारास परिसरातील जुन्या घरांची लाकडी दारे चौकटीत अडू लागतात. सुतार येतो, रंधा मारतो, दार लागते. मार्चमध्ये मात्र त्याच दाराला फट पडते. आता अनेक घरांत लाकडाची किंवा लॅमिनेटची फरशी आली आहे. पावसाळ्यात ती मध्येच उचलली गेली, की दोष लाकडाला किंवा कारागिराला दिला जातो. खरे कारण काय, ते पाहू.

लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांच्या असतात. या साखळ्या पाण्याचे रेणू धरून ठेवतात. हवा दमट झाली की पाणी साखळ्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना दूर सारते. साखळ्या बहुतांशी खोडाच्या उंचीच्या दिशेने असल्यामुळे फळीची लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी बदलते. ओले सागवान पूर्ण वाळताना खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. उलट दिशेने हेच घडते, म्हणून उन्हाळ्यात ढिले झालेले बैलगाडीचे चाक पाण्यात भिजवले की धाव पुन्हा घट्ट बसते.

हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडात सुमारे ६ टक्के पाणी राहते. ती दीर्घकाळ ८० टक्के राहिली तर सुमारे १६ टक्के. एवढ्या फरकाने १० सेंमी रुंदीची सागाची फळी साधारण २ मिमी रुंदावू शकते. अशा ४० फळ्यांची ४ मीटरची फरशी ८ सेंमी वाढेल! घरात एवढा बदल सहसा होत नाही. आपण १ सेंमीच धरू. फरशी दोन्ही भिंतींना टेकलेली असेल, तर ती वरच जाणार. मध्यभागी दुमडली असे मानून पायथागोरसचे प्रमेय लावा: कर्ण २००.५ सेंमी, पाया २०० सेंमी. उंची येते सुमारे १४ सेंमी! विद्यार्थ्यांना हे गणित अवश्य द्यावे.

लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. तंतू सर्व दिशांना पसरलेले असल्याने तो लांबी व रुंदी दोन्हीकडे वाढतो. कडेच्या सांध्यांतून पाणी शिरले तर तो जाड होतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही.

उपाय यातूनच निघतात. नव्या काँक्रीटवर फरशी घालण्याआधी ते पुरते वाळू द्यावे आणि वर प्लॅस्टिकचा कागद पसरावा. नाहीतर खालून ओल येऊन फळ्यांच्या कडा वर वळतात. फळ्या काही दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात. भिंतीलगत ८ ते १० मिमी जागा सोडावी. ती पट्टीने झाकता येते, पण पट्टी भिंतीला ठोकावी, फरशीला नव्हे. पुसताना फडके पिळून घ्यावे.

वर्गात हा प्रयोग करता येईल. रेषांना आडवा कापलेला लाकडाचा तुकडा उन्हात वाळवून व्हर्नियर कॅलिपरने मोजा. आठवडाभर पाण्यात ठेवून पुन्हा मोजा: एकदा रेषांच्या दिशेने, एकदा त्यांना आडवे. दोन्ही उत्तरांतला फरक पाहिला, की जुन्या सुतारांनी दाराचे पॅनेल चौकटीच्या खाचेत न चिकटवता मोकळे का ठेवले, हे विद्यार्थ्यांना आपोआप कळेल.