चेहरा झिजला तरी

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या बाहेरच्या भिंती जवळून बघाव्यात. कितीतरी मूर्तींना आता चेहराच उरलेला नाही. मंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळचा. तेव्हापासूनचे नऊशेहून जास्त पावसाळे या काळ्या दगडाने झेललेत. नाकं झिजली, ओठ पुसले गेले, बोटं तुटली. आणि तरीही कोण निवांत उभी आहे, कोण आवेशात आहे, कोण अंग चोरून वळली आहे, हे चार पावलांवरून कळतं! कमरेचा बाक, एका पायावर टाकलेला भार, खांद्याचा कल, तेवढं पुरतं.

कारागिरांचं कसब थोर आहेच, पण अर्धी करामत बघणाऱ्याच्या डोक्यात घडते. २०१२ साली अविएझर, ट्रोप आणि टोडोरोव या संशोधकांनी लोकांना व्यावसायिक टेनिसपटूंचे फोटो दाखवले, गुण जिंकल्याच्या किंवा गमावल्याच्या क्षणाचे. नुसता चेहरा दाखवला तर जिंकलाय की हरलाय हे लोकांना ओळखता येईना. चेहरा झाकून नुसतं शरीर दाखवलं, तर लगेच ओळखता आलं. मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या भागाचं. जिंकणाऱ्याचा चेहरा हरणाऱ्याच्या धडावर चिकटवला, तर लोकांनी कौल दिला धडाप्रमाणे. आणि अख्खा फोटो बघणाऱ्यांना तर आपण चेहऱ्यावरूनच ओळखतोय असं वाटत होतं.

आता याच गावातल्या आनंदनगर एमआयडीसीतली एखादी केबिन डोळ्यांसमोर आणा. तिशीतला साहेब, समोर पंचावन्नचा ऑपरेटर. कंत्राट पुढे वाढणार नाही, हे सांगायचं आहे. "बसा काका," साहेब म्हणतो. शब्द अदबीचे, चेहराही सांभाळलेला. पण खुर्ची कॉम्प्युटरकडे वळलेली, एक हात माउसवर, पेनाची टकटक चालू, आणि बूट दाराच्या दिशेने. काकांनी आयुष्य मशीनच्या आवाजात काढलंय. तिथे शब्द ऐकू येत नाहीत, माणसाच्या हालचालीच वाचाव्या लागतात. पुढचं वाक्य येण्याआधीच ते काय ते समजलेले असतात. साहेब चेहऱ्यावर मेहनत घेतो आणि बाकीचं शरीर मोकाट सोडतो.

आवाजाची गोष्ट तर याहून विलक्षण. नलिनी अंबाडी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शल्यचिकित्सकांचं रुग्णांशी चाललेलं बोलणं घेतलं, त्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे केले आणि शब्द कळणारच नाहीत असे गाळून घेतले. उरली नुसती पट्टी, लय, चढउतार. ऐकणाऱ्यांना ज्यांच्या स्वरात वरचढपणा जास्त आणि काळजी कमी जाणवली, ते डॉक्टर बहुधा रुग्णांनी पूर्वी कोर्टात खेचलेले निघाले. दहा सेकंद, तेही बिनशब्दांचे!

म्हणून शब्द फुकट, असं मात्र समजू नये. ट्रेनिंगमध्ये ९३ टक्के संवाद शब्दांविना होतो असं ठासून सांगतात, ते मला पटत नाही. १९६७च्या मेहराबियन यांच्या प्रयोगांतला तो हिशेब होता फक्त भावना ओळखण्यापुरता, तोही सुट्या शब्दांवरून. कामाचा शेवटचा दिवस कोणता, थकलेली रक्कम कधी मिळणार, हे तोंडानेच आणि स्पष्ट सांगावं लागतं. शरीराने एवढंच करायचं की त्या शब्दांना खोटं पाडायचं नाही: खुर्ची समोर वळवायची, पेन खाली ठेवायचं, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलायचं.

आणि मग थांबायचं. हे सगळ्यात अवघड. जगातल्या दहा भाषांतले संवाद २००९ साली मोजले गेले, तेव्हा प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग लागतो असं दिसलं. एवढ्या घाईची सवय असलेल्या कानांना दोन-तीन सेकंदांची शांतताही असह्य होते. मग साहेब काहीतरी बोलून ती भरून काढतो: मार्केट डाउन आहे, वरून ऑर्डर आहे, माझ्या हातात काही नाही. काकांना मुलीच्या फीबद्दल विचारायचं असतं, पीएफबद्दल विचारायचं असतं, आणि विचारायला जागाच उरत नाही.