ऋण संख्येचे वर्गमूळ आणि महावीराचार्यांचा नकार

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी घराच्या जागेचा व्यवहार आजही गुंठ्यांत बोलला जातो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. जागा चौरस असल्यास तिची बाजू ३३ फूट भरते. मग पाव गुंठ्याच्या चौरस जागेची बाजू किती? ३३ चा चौथा हिस्सा, असे उत्तर पटकन ओठांवर येते. परंतु खरे उत्तर साडेसोळा फूट, म्हणजे निम्मे आहे. कारण १/४ चे वर्गमूळ १/२ होय. अंशाचे मूळ वर आणि छेदाचे मूळ खाली, एवढाच नियम. सव्वादोनचे मूळ दीड आणि सव्वासहाचे अडीच, हे दिडकी-अडीचकी पाठ असलेल्या जुन्या पिढीला कागदाविना ठाऊक असे.

अपूर्णांकांच्या गणिताचे असे नियम सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी दिगंबर जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात सविस्तर मांडले. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या राज्यकाळात, इ. स. ८५० च्या सुमारास हा ग्रंथ झाला. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. मराठवाडाही त्याच साम्राज्यात होता. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६३ मध्ये हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला.

याच ग्रंथात ऋण संख्येच्या वर्गमुळाविषयी एक निःसंदिग्ध विधान आहे. त्याचा आशय असा : धन संख्येचा वर्ग धन येतो, ऋण संख्येचाही वर्ग धनच येतो; म्हणून ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नाही आणि तिला वर्गमूळ नाही. ३ चा वर्ग ९, उणे ३ चाही वर्ग ९. मग उणे ९ हा वर्ग कोणाचा? बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही ‘बीजगणित’ ग्रंथात हाच निर्णय दिला.

पुढे युरोपात गोष्ट निराळ्या वाटेने गेली. कार्डानो यांनी १५४५ मध्ये १० चे असे दोन भाग मागितले, की ज्यांचा गुणाकार ४० यावा. उत्तरात उणे १५ चे वर्गमूळ आले. १५७२ मध्ये बोंबेली यांनी अशा मुळांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम घालून दिले. अठराव्या शतकात ऑयलर यांनी उणे एकच्या वर्गमुळासाठी एक स्वतंत्र चिन्ह योजले. आज प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाचे गणित याच संमिश्र संख्यांनी सुलभ होते.

आपल्या आचार्यांना हे सर्व आधीच ज्ञात होते, असे म्हणण्याचा मोह समाजात कधी कधी होतो. तो आवरावयास हवा. महावीराचार्यांनी संमिश्र संख्या शोधल्या नाहीत. त्यांचे श्रेय वेगळे आहे आणि ते पुरेसे मोठे आहे : प्रश्न त्यांनी टाळला नाही, उत्तर ‘नाही’ असे दिले आणि त्या नकाराचे कारणही सांगितले. ज्याचे कारण सांगितले आहे, त्या नकाराची मर्यादा पुढच्या अभ्यासकाला दिसू शकते.

स्याद्वाद शिकवितो, की प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे हे पाहावे. ज्या संख्यांचा वर्ग कधीच ऋण होत नाही, त्यांच्या अपेक्षेने महावीराचार्यांचे ‘नाही’ आजही अबाधित आहे. विस्तारलेल्या संख्यांच्या अपेक्षेने ‘आहे’ हेही सत्य आहे. दहावीच्या वर्गसमीकरणात विवेचक ऋण आला, की विद्यार्थी ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहितो. त्यातील ‘वास्तव’ हा शब्द म्हणजेच ती अपेक्षा होय. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना तो शब्द गाळू देऊ नये. अकरावीत संमिश्र संख्या समोर येतील, तेव्हा आधीचे शिकलेले खोटे ठरले असे त्यांना वाटणार नाही.